त्याच बाळाचं वजन

“तो आकडा मी डोळ्यांनी पाहिला की मनानं, एवढंच मला सांगा सर. समितीला काय लिहायचं ते लिहा.”

उजागरे सिस्टर हे बोलल्या तेव्हा कक्षाच्या दारात उभ्या होत्या. आत काचेच्या पेट्यांमध्ये, उबदार दिव्यांखाली, अपुऱ्या दिवसांची बाळं झोपलेली. सिस्टरांचं निम्मं आयुष्य त्याच खोलीत गेलं होतं. पण निलंबन झाल्यापासून त्यांना आत यायची मनाई होती. समितीनं त्या दिवसापुरती परवानगी दिली, तरी त्यांचा पाय उंबऱ्याच्या आत पडेना. ड्यूटीवरची तरुण नर्स त्यांच्याच हाताखाली शिकलेली. ती कावरीबावरी होऊन म्हणाली, “या ना सिस्टर, आत या.”

“नको गं. बाहेरच्या साडीवर आलेय मी. धूळ असते.”

मग आम्हीच बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसलो. गवांदे सर, मी आणि त्या.

गाव नगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. रुग्णालय एका ट्रस्टचं. नावं सांगत नाही. तिथली माणसं अजून तिथेच राहतात. मी तेव्हा पुण्यात गवांदे सरांकडे पीएच.डी. करत होते. रुग्णालयात एक बाळ दगावलं होतं. औषधाची मात्रा जवळजवळ तिप्पट गेली होती. सिस्टरांचं म्हणणं होतं, संगणकानं जी मात्रा दाखवली तीच मी दिली. ज्या कंपनीनं तो प्रोग्राम बनवला होता तिची माणसं येऊन सगळं तपासून गेली आणि ‘प्रोग्राम ठीक आहे’ असं लिहून गेली. समितीला त्यावर बाहेरच्या कुणा जाणकाराची सही हवी होती. आमच्या संस्थेच्या संचालकांनी सरांचं नाव सुचवलं. मला वाटतं, दुसरं कुणी मोकळं नव्हतं म्हणून.

सरांच्या कामाची संस्थेत थोडी चेष्टाच व्हायची. ब्राउझरमध्ये चालणारे प्रोग्राम, म्हणजे आपण पान उघडतो, बटणं दाबतो, आकडे येतात-जातात ते, तर्कशास्त्राच्या नियमांनी बरोबर आहेत असं सिद्ध करायचं, हा त्यांचा ध्यास. भूमितीत प्रमेय सिद्ध करतात तसं. “गवांदे वेबसाइटची कुंडली मांडतात,” असं कॅन्टीनमध्ये म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. ते हसायचे आणि डबा उघडायचे.

दुसरी एक गोष्ट त्यांच्याबद्दल सगळ्यांना माहीत होती. ‘नक्की’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. “सर, उद्या येताय ना?” असं विचारलं तर म्हणायचे, “यायचा विचार आहे.”

व्हरांड्यात ते सिस्टरांना म्हणाले, “तुम्ही काय केलंत तेवढं सांगा. काय झालं असेल, ते नको.”

सिस्टरांनी पदर सावरला आणि सांगायला लागल्या. दुपारची पाळी होती. जोडीची नर्स रजेवर. डॉक्टर खाली प्रसूतिगृहात अडकलेले. यमुना वाकचौरेच्या बाळाला झटके आले. बाळांना तिथे नावं नसतात. आईच्या नावानंच ओळखतात. सिस्टरांनी फोन केला, डॉक्टर म्हणाले, झटक्याचं औषध वजनाप्रमाणे द्या. संगणकावर बाळाच्या नावावर दाबलं की वजन येतं, त्याखाली मात्रा येते. त्या घाईत त्यांनी आधी शेजारच्या बाळाच्या नावावर दाबलं. चूक लगेच लक्षात आली. लगेच यमुनाच्या बाळाच्या नावावर दाबलं.

“नाव बरोबर आलं होतं?”

“आलं होतं. ‘यमुना वाकचौरेचं बाळ.’ ते मी वाचलं. खाली मात्रा आली. ती मी सिरिंजमध्ये भरली.”

“शेजारचं बाळ केवढं होतं?”

“ते पुऱ्या दिवसांचं, सर. काविळीसाठी ठेवलेलं. चांगलं तीन किलोचं. आणि ही अकराशे ग्रॅम.” त्या थांबल्या. “समितीवाले म्हणतात, तुम्ही शेजारच्या बाळाची मात्रा डोक्यात ठेवून दुसऱ्याला दिलीत. दमला होतात, झालं असेल. मीपण रोज तेच घोकते, मग मलाही तसंच दिसायला लागतं. आता खरं काय दिसलं होतं ते मला आठवेना झालंय.”

सरांनी मान हलवली. धीराचा एक शब्द बोलले नाहीत. मला ते फार कोरडं वाटलं. निघताना मीच सिस्टरांचा हात हातात घेतला. 

परतीच्या वाटेवर मी विचारलं, “सर, कंपनीनं इतक्या वेळा तपासलंय. चूक असती तर सापडली नसती का?”

“विहिरीत शंभरदा बादली सोडली आणि शंभरदा भरून आली, तर आपण काय म्हणतो? विहिरीला पाणी आहे. पण उन्हाळ्यात असेल का? ते सांगायला खाली उतरून झरा बघावा लागतो. ते बादली सोडून आले आहेत. आपण उतरू.”

आम्ही उतरलो. कंपनीनं कुरकुरत प्रोग्राम आमच्या हवाली केला. सरांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: पडद्यावर ज्या बाळाचं नाव, त्याच बाळाचं वजन. कायम.

“हे आपलं प्रमेय. ‘कायम’ म्हणजे कुणी कसंही, कितीही घाईत बटणं दाबली तरी. हे सिद्ध झालं तर सिस्टरांची चूक. मग तसं लिहावं लागेल.”

“आणि नाही झालं तर?”

“तर बघू.”

ते वाक्य तर्काच्या भाषेत मांडायचं, प्रोग्रामची एकेक हालचाल त्याच भाषेत लिहायची, आणि मग पायरी पायरीनं दाखवायचं की कुठलीही हालचाल केली तरी वाक्य खरंच राहतं. प्रत्येक पायरी तपासायला आमच्याकडे एक प्रोग्राम होता. तो भिडस्त नव्हता. ‘हे उघडच आहे’ असं म्हणून त्याच्याकडून काही सुटत नसे. जे सिद्ध झालं नाही ते तो पुनःपुन्हा समोर आणून ठेवायचा.

बहुतेक पायऱ्या सहज पार पडल्या. पण एक अडली. मी ती वेगवेगळ्या वाटांनी सोडवून पाहिली, सुटेना. तपासणारा प्रोग्राम मला एकच गोष्ट विचारत राहिला: आधी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नंतर आलं तर?

मला वाटलं, मांडणीत माझंच काहीतरी चुकलंय. सरांकडे गेले तेव्हा ते डब्यातली मेथीची भाजी संपवत होते. त्यांनी माझा कागद वाचला, घास हातातच राहिला.

“सिद्धता अडली की आधी स्वतःवर संशय घ्यावा,” ते म्हणाले. “तू घेतलास. आता प्रमेयावर घे.”

“म्हणजे प्रमेयच खोटं?”

“तू दोन माणसांना बाजारात पाठवलंस. पहिल्याला साखर आणायला, मग लगेच दुसऱ्याला मीठ आणायला. पहिला वाटेत रेंगाळला. दुसरा मीठ ठेवून गेला, त्यानंतर पहिला आला आणि त्यानं त्याच भांड्यात साखर ओतली. भांड्यावर चिठ्ठी ‘मीठ’. आत काय?”

मी कागद पुन्हा पाहिला. प्रोग्राम नेमकं तेच करत होता. नावावर दाबलं की नाव लगेच पडद्यावर यायचं. वजन मात्र दूरच्या सर्व्हरकडून मागवलं जायचं आणि आलं की मुकाट्यानं रकान्यात भरलं जायचं. कुणाचं वजन आलंय हे कुणी विचारत नव्हतं. एरवी उत्तरं क्रमानंच येत, म्हणून कुणाला काही दिसलं नाही. पण एका बाळाच्या नावावर दाबून लगेच दुसऱ्याच्या नावावर दाबलं, आणि नेमकं पहिलं उत्तर मागे पडलं, तर नाव एकाचं राहायचं आणि वजन दुसऱ्याचं.

आम्ही ते प्रयोगशाळेत करून पाहिलं. पहिलं उत्तर मुद्दाम अडवून धरलं. पडद्यावर नाव आलं ते लहान बाळाचं. मग क्षणभर त्याचंच खरं वजन दिसलं. आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तो आकडा बदलून तीन किलो झाला. खाली मात्राही बदलली. पान अगदी शांत होतं. लाल अक्षर नाही, इशारा नाही.

मला ओरडावंसं वाटलं. “सर, सुटल्या सिस्टर! आत्ता फोन करू या त्यांना.”

सर खुर्चीत बसून राहिले होते. “काय सांगशील?”

“हेच. की चूक प्रोग्रामची होती.”

“असं होऊ शकतं, हे आपल्याला कळलं. त्या दुपारी असंच झालं, हे कळलं का?”

मी उचललेला फोन खाली ठेवला.

“सर्व्हरकडून कुठलं उत्तर कधी पोचलं याची नोंद कुठेही राहत नाही. मी कंपनीला विचारून घेतलंय. ते गेलं ते गेलं. सिस्टरांना तीन किलोचा आकडा पडद्यावर दिसला असेल, किंवा डोक्यात राहिला असेल. दोन्ही वाटा त्याच ठिकाणी पोचतात. कुठल्या वाटेनं आलो हे आता तर्कानं सांगता येत नाही.”

“पण सर, चूक प्रोग्रामचीच म्हटलं तर कुणी शंका तरी घेईल का?”

“मी घेईन,” ते म्हणाले.

अहवालात त्यांनी दोन वाक्यं लिहिली. पहिलं: या प्रोग्राममध्ये एका बाळाच्या नावाखाली दुसऱ्या बाळाचं वजन दिसू शकतं, हे सिद्ध झालं आहे. दुसरं: त्या दिवशी तसं झालं की नाही, हे सांगण्याचा कोणताही मार्ग उपलब्ध नाही.

दुसरं वाक्य काढून टाका म्हणून मी त्यांच्या विनवण्या केल्या. खोटं लिहू नका, फक्त गप्प राहा, असं मी म्हणाले. ते म्हणाले, “गप्प राहण्यातूनही माणूस बोलतच असतो, ऋजुता.”

समितीसमोर जे व्हायचं तेच झालं. अध्यक्ष निवृत्त सरकारी अधिकारी होते, बोलायला सज्जन. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, “म्हणजे संगणकामुळेच मृत्यू झाला, असं आपण म्हणत नाही?”

“नाही.”

“सिस्टरांच्या हातून चूक झालेली असू शकते?”

“शक्य आहे. प्रोग्राममुळे झालेलं असणंही तितकंच शक्य आहे. दोन्ही लिहून घ्या.”

अध्यक्षांनी मान डोलावली. दोन्ही लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही. पण निर्णय आला त्यात ‘तज्ज्ञांच्या मते निश्चित सांगता येत नाही’ एवढंच होतं. निलंबन मागे घेतलं, मात्र बाळांच्या कक्षात पुन्हा नेमणूक नाही. सिस्टरांना खाली केस पेपरच्या खिडकीवर बसवलं. काही दिवस त्या बसल्या. मग राजीनामा देऊन घरी निघून गेल्या.

मी सरांशी बोलणं जवळजवळ बंद केलं. काम करत होते, कारण काम उरलं होतं. प्रोग्राम दुरुस्त करायचा होता. आता प्रत्येक उत्तराबरोबर ते कुणाचं आहे ही खूण येऊ लागली. खूण आणि नाव जुळलं तरच वजन रकान्यात जायचं, नाहीतर पान कोरं राहायचं. मग आम्ही तेच वाक्य पुन्हा सिद्ध करायला घेतलं. अडलेली पायरी एका दुपारी सुटली. तपासणाऱ्या प्रोग्रामनं पुढे काहीच विचारलं नाही. मी तशीच बसून राहिले. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

सर मागे येऊन उभे राहिले. पडदा वाचला. म्हणाले, “उद्या सिस्टरांकडे जाऊ या.”

“कशाला? त्यांना अजून एकदा ‘माहीत नाही’ सांगायला?”

“ते तर सांगावंच लागेल,” सर म्हणाले.

सिस्टरांचं घर चर्चच्या मागच्या आळीत होतं. दोन खोल्या, दारात तुळशीसारखाच जपलेला गवती चहाचा वाफा. त्या एकट्याच राहत. लग्न केलं नव्हतं. आम्हाला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जी आशा उमटली तिच्याकडे मला बघवेना. त्यांनी चहा टाकला, कप पुसून ठेवले, आणि मग स्टुलावर बसून सरळच विचारलं, “मग? माझ्या हातून झालं की नाही?”

मी मनातल्या मनात सरांना म्हटलं, बोला. एकदाच बोला. ‘नाही’ म्हणा.

“माहीत नाही, सिस्टर,” सर म्हणाले. “आणि ते कधीच कळणार नाही.”

चहा उतू गेला. कुणी उठलं नाही. मग मीच जाऊन गॅस बंद केला.

सिस्टर म्हणाल्या, “मला सगळे सांगून जातात. पास्टर म्हणतात, यंत्राची चूक. भाऊ म्हणतो, यंत्राचीच. तुमची ही मुलगीपण फोनवर म्हणाली होती, घाबरू नका, यंत्राचीच असणार. मी म्हणते, असूद्या. यंत्राची तर यंत्राची. पण सर, त्या दिवशी सकाळी मीच तिला वजनकाट्यावर ठेवली होती. ओंजळीएवढी होती हो. बोटं माझ्या बोटाच्या पेरात मावत होती. आकडा काही का दिसेना, सिरिंज भरताना माझ्या हाताला कळायला नको होतं का? की एवढ्याशा जिवाला एवढं?”

हे त्या आजवर कुणापाशी बोलल्या नव्हत्या. आम्ही सगळे त्यांना ज्या आरोपातून सोडवायला बघत होतो, तो त्यांचा स्वतःवरचा आरोपच नव्हता.

सरांनी कप खाली ठेवला. “सिस्टर, हात दमतात. त्या दिवशी एका माणसाचे हात किती बाळांना पुरायचे? म्हणून तर समोर यंत्र ठेवलं होतं. तुम्ही त्याच्यावर विसंबलात, ती चूक नाही. विसंबावं असं ते बनवलेलं नव्हतं, ही आमच्यासारख्यांची चूक आहे.” ते थोडे थांबले. “आता दुसरं सांगतो. प्रोग्राम आम्ही नव्यानं बांधलाय. एकाच्या नावाखाली दुसऱ्याचं वजन त्यात यापुढे कधीही दिसणार नाही.”

“कधीही?”

“कधीही. कुणी कितीही दमलेलं असो, कितीही घाईत असो. हे मी नक्की सांगतो.”

माझं डोकं झटकन वर झालं. चार वर्षं त्यांच्याकडे काढूनही तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

सिस्टरांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. पारख करत असल्यासारखं. मग त्यांचे डोळे भरून आले, आणि निर्णय आल्यापासून अडून राहिलेलं रडू बाहेर पडलं. सर मान खाली घालून बसले होते. माझा सगळा राग तिथल्या तिथे निवला. आधीच्या प्रश्नाला त्यांनी गोड लागणारं उत्तर दिलं असतं, तर हे उत्तरही सिस्टरांनी गोड बोलण्यातच जमा केलं असतं. पास्टर, भाऊ, मी, त्यांच्याच रांगेत सर बसले असते. त्या बाईला देण्याजोगी एकच खरी गोष्ट सरांकडे होती, आणि ती खरी वाटावी म्हणून ते एवढे दिवस आमच्या सगळ्यांच्या नजरेत निष्ठुर ठरले होते.

सिस्टर तोंड धुऊन आल्या. म्हणाल्या, “हे यमुनाला सांगायला पाहिजे. माझ्याच्यानं एकटीनं जाववत नाही. चलता?”

यमुना वाकचौरे साखर कारखान्याच्या कामगार वसाहतीत राहत होती. नवरा कामावर गेलेला. ती अंगणात ज्वारी निवडत होती. सिस्टरांना पाहिल्याबरोबर तिचे हात थांबले. उठली नाही, बसाही म्हणाली नाही. सिस्टर तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या. मग आम्हीही बसलो.

सिस्टरांनी सगळं सांगितलं. स्वतःला वगळलं नाही, स्वतःला बडवूनही घेतलं नाही. “माझ्या हातून झालं असंल, मशीननं चुकीचं दाखवलं असंल. दोन्हीतलं काय, ते हे साहेबसुद्धा सांगू शकत नाहीत. मी तुला खोटं सांगणार नाही. पण तुझ्या बाळामुळं ती चूक सापडली. आता दुसऱ्या कुणाच्या लेकराला तसं होणार नाही.”

यमुना सुपाकडे बघत ऐकत होती. मग सरांना म्हणाली, “ह्ये खरं हाय का?”

“खरं आहे.”

“तुमी कुठं लिवून ठिवलंय का, की माझ्या पोरीपायी झालं म्हनून?”

 “अहवालात तिचा उल्लेख आहे,” ते म्हणाले. “यमुना वाकचौरेचं बाळ, असा.”

“त्ये माझं नाव झालं.” तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. “तिला नाव व्हतं. बारसं न्हाई झालं, पर मी ठिवलं व्हतं मनात. कुनाला सांगितलं न्हाई. तिच्या बापालाबी न्हाई.”

 कोंबड्या अंगणातून फिरत होत्या.

“प्रांजल,” ती म्हणाली.

सिस्टरांनी ते नाव हळूच उच्चारून पाहिलं. ज्या बाळाला त्यांनी काट्यावर ठेवलं, पुसलं, दूध पाजलं, त्याचं नाव त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. यमुनानं सूप पुढे सरकवलं. सिस्टरांनी त्यात हात घातला, आणि दोघी मुकाट्यानं ज्वारी निवडू लागल्या. आम्ही उठलो तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

तर्कात प्रत्येक प्रमेयाला काहीतरी नाव द्यावं लागतं, म्हणजे पुढे त्याचा हवाला देता येतो. आमच्या वाक्याला मी कामापुरतं ‘मुख्य’ असं नाव दिलं होतं. पुण्याला परतल्यावर काही दिवसांनी फाइल उघडली तर सरांनी ते बदललेलं होतं. तिथे आता ‘प्रांजल’ होतं. त्याबद्दल ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. माझ्या प्रबंधात ते त्याच नावानं छापलं आहे. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, हे नाव कशावरून? सर म्हणाले, “एका विद्यार्थिनीच्या नावावरून.” मला वाटतं, असत्य म्हणून त्यांच्या नावावर जमा होईल असं तेवढं एकच.

तो प्रोग्राम त्या रुग्णालयात काही वर्षं चालला, आणखी काही ठिकाणीही गेला. मग त्या कंपनीला दुसऱ्या मोठ्या कंपनीनं विकत घेतलं, नवी व्यवस्था आली, जुनी काढून टाकली. नवीत ते वाक्य कुणी सिद्ध केलं आहे की नाही, मला माहीत नाही. मी पत्रं लिहिली. पोच मिळाली, उत्तर नाही. सर तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पुढच्या थंडीत ते गेले.

उजागरे सिस्टर गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या भावाचा फोन आला आणि मी निघाले. चर्चमागच्या दफनभूमीत बरीच माणसं जमली होती. त्यांच्या हातून वाचलेली, वाढलेली मुलं आली होती. काहींना आता मिशा फुटल्या होत्या. गीत झालं, प्रार्थना झाली. माती द्यायला रांग लागली.

यमुना माझ्या पुढे दोन माणसं सोडून उभी होती. केस पांढरे झाले होते, तरी मी ओळखलं. तिनं मला पाहिलं नाही. तिच्या शेजारी सिस्टरांच्या नात्यातली, जालन्याहून आलेली एक वयस्कर बाई होती. तिनं यमुनाला विचारलं, “तुम्ही कुठल्या चर्चच्या मंडळीतल्या?”

“मंडळीतली न्हाई मी.”

“मग बाईंची ओळख कशी?”

यमुनानं पदर डोक्यावर ओढून घेतला. “माझी लेक व्हती यांच्यापाशी.”

“अस्सं,” म्हातारी मायेनं म्हणाली. “मोठी झाली असेल आता.”

“व्हय,” यमुना म्हणाली, आणि मूठभर माती घ्यायला खाली वाकली.